माइक पावसाळ्यासाठी घ्यावा

घरच्या घरी ध्वनिमुद्रण सुरू करू इच्छिणारे आमच्याकडचे तरुण पहिला प्रश्न हमखास किमतीचा विचारतात: पाच हजारांत कोणता माइक येईल, दहा हजारांत कोणता? प्रश्न रास्तच आहे, कारण हौसेसाठी बाजूला काढलेले पैसे थोडे असतात आणि ते पुन्हा लवकर जमत नाहीत. परंतु मालवण-आचऱ्याच्या पट्ट्यात राहणाऱ्याने किमतीच्या आधी स्वतःला आणखी एक गोष्ट विचारावी, असे माझे मत वर्षानुवर्षांच्या कामातून पक्के झाले आहे. हे मुद्रण वर्षाच्या कोणत्या महिन्यांत होणार आहे?

आपल्याकडे ज्यांचा आवाज जपून ठेवावा अशी माणसे कधी हाताशी लागतात, ते पाहा. दशावतारातले कलावंत कार्तिकातल्या जत्रांपासून वैशाखापर्यंत रात्रीमागून रात्री रंगमंचावर असतात. त्यांचे संवाद लिहिलेले नसतात, ते त्या त्या रात्री सुचतात आणि तिथेच विरून जातात. घरी बसून चार आख्याने निवांत बोलून दाखवायला त्यांना फुरसत मिळते ती पावसाळ्यात, भाताची लावणी उरकल्यावर. भजनी मंडळांचा सराव श्रावणात चढतो, गणपतीत घरोघर आरत्या आणि भजने होतात, बायकांच्या फुगड्या रंगतात, मुंबईहून चाकरमानी येतात आणि एरवी कुलूप असलेली घरे उघडतात. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. म्हणजे आवाज देणारी माणसे आणि कौलांवर धो धो पडणारे पाणी ही दोन्ही एकाच वेळी घरात हजर असतात. माघातल्या कोरड्या, शांत रात्री उत्तम वाजणारा माइक घेऊन आपण श्रावणात काय करणार, हा माझ्या दृष्टीने खरेदीचा मुख्य प्रश्न आहे.

स्वस्त माइक पाहू लागले की दोन जाती समोर येतात, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिकमध्ये पातळ पडद्याला तारेचे बारीक वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत हलते; आवाजाने पडदा हलला की तारेत वीज उत्पन्न होते. त्याला बाहेरून विजेची गरज नसते. कंडेन्सरमध्ये अतिशय पातळ पडदा आणि त्याच्यामागची स्थिर पट्टी यांच्यामध्ये विद्युतभार असतो, आणि पडदा हलला की दोहोंतले अंतर बदलून त्याचा संदेश होतो. मात्र तो संदेश इतका नाजूक असतो की माइकच्या पोटातच त्याला सांभाळणारी छोटी यंत्रणा बसवावी लागते आणि तिला वीज पुरवावी लागते. ही वीज ४८ व्होल्टचीच का, यामागची हकिकत मला फार आवडते. नॉर्वेच्या नभोवाणीच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीपासून होती, म्हणून १९६६ साली नॉयमन कंपनीने त्यांच्यासाठी केलेला माइक त्याच विजेवर चालेल असा केला, आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. आज गावातल्या एखाद्या खोलीत ऑडिओ इंटरफेसवरचे, म्हणजे माइकचा आवाज वाढवून लॅपटॉपपर्यंत पोहोचवणाऱ्या छोट्या पेटीवरचे, ‘४८ व्ही’ असे लिहिलेले बटण आपण दाबतो, तेव्हा त्या दिव्यांचीच वीज वापरतो.

आता दोहोंतल्या निवडीविषयी सगळीकडे एक वाक्य ऐकू येते: कंडेन्सर संवेदनशील असतो म्हणून तो सगळा गोंगाट ओढून घेतो, डायनॅमिक मात्र समोरचाच आवाज घेतो. हे अर्धेच खरे आहे, आणि या अर्धवटपणामुळे पुष्कळ पैसे वाया जातात. माइकला गाणारा आणि पाऊस यांतला फरक कळत नाही. दोन्ही जातींचे माइक एकाच दिशेने ऐकणारे असतील, दोन्ही गाणाऱ्यापासून सारख्याच अंतरावर ठेवले आणि दोघांची पातळी सारखी करून घेतली, तर पावसाचे आणि गाण्याचे प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेच येते. फरक पडतो तो अंतराने. तोंड आणि माइक यांतले अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) वाढतो. चाळीस सेंटिमीटरवरचा माइक वीसवर, तिथून दहावर आणि मग पाचवर आणला, तर गाण्याला अठरा डेसिबलची आघाडी मिळते आणि पाऊस मात्र होता तिथेच राहतो, कारण तो चहूकडून सारखाच येत असतो. अठरा डेसिबल ही आघाडी पैसे टाकून मिळवू म्हटले तरी मिळत नाही.

मग मी नवख्याला डायनॅमिकच आधी का सुचवतो? कारण तो इतक्या जवळून वापरण्यासाठीच घडवलेला असतो. शूर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६ सालापासून जवळजवळ त्याच रूपात विकला जातो. त्याच्या जाळीच्या आत श्वासाचे धक्के अडवणारा फोम आहे, त्याचा आवाज मुद्दाम असा बेतलेला आहे की जवळ आल्यावर वाढणारा खर्ज सांभाळला जावा, आणि हातातून पडला तरी तो सहसा दगावत नाही. स्वस्त कंडेन्सर पाच सेंटिमीटरवर आणला तर ‘प’ आणि ‘भ’ फुटू लागतात आणि बाहेर पडणारी वाफ थेट पडद्यावर बसते. हा साधा हिशेब एकदा डोक्यात बसला की दुकानातल्या निम्म्या पर्यायांचा विचार करावाच लागत नाही.

एसएम ५८ आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास पडतो आणि त्याच्या हुबेहूब नकला बाजारात पुष्कळ आहेत, म्हणून तो ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. निम्म्या किमतीत ‘ओरिजिनल’ मिळत असेल तर तो नाही असे समजावे. पण सुरुवातीला इतका खर्च करायलाच हवा असे मुळीच नाही. बेरिंजरचा एक्सएम ८५०० हा दोन-तीन हजारांतला डायनॅमिक जवळून गायलेल्या आवाजाला पुरेसा न्याय देतो. देवळात आणि मंडपात पिढ्यानपिढ्या दिसणाऱ्या अहुजाच्या ध्वनिक्षेपक संचाबरोबरचा डायनॅमिक माइक कुणाच्या घरी पडून असेल, तर नवा घेण्याआधी तोही लावून ऐकावा. एक्सएलआर, म्हणजे माइकची नेहमीची तीन पिनांची वायर, जोडता येत असेल तर प्रयोगाला काहीच हरकत नाही. ज्याला इंटरफेस वगैरे आत्ताच नको आहे, त्याने सॅमसन क्यू२यू सारखा, यूएसबी आणि एक्सएलआर अशी दोन्ही तोंडे असलेला डायनॅमिक पाहावा. आज तो लॅपटॉपला थेट लागतो आणि उद्या इंटरफेस आला तरी बाद होत नाही.

डायनॅमिकची एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. त्याचा संदेश क्षीण असतो. सारख्याच आवाजाला एसएम ५८ सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो, तर ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा परवडणारा कंडेन्सर १४ मिलिव्होल्टच्या आसपास देतो. ही सतरा-अठरा डेसिबलची तूट इंटरफेसला भरून काढावी लागते. दशावतारातल्या राजाला हे लागू होत नाही, कारण त्याचा आवाज खळ्यातून रस्त्यापर्यंत पोहोचतो. पण थकलेल्या गळ्याची आजी पुटपुटल्यासारखी ओवी म्हणते, तेव्हा स्वस्त इंटरफेसची मूठ शेवटपर्यंत पिळावी लागते आणि त्याची स्वतःची हिस्स ऐकू येऊ लागते. इंटरफेस चार-पाच हजारांपासून मिळतात. घेताना त्याच्या चकचकीत दिव्यांपेक्षा तो किती डेसिबलपर्यंत आवाज वाढवतो हा आकडा बघावा, आणि तो साठच्या जवळ असेल तर बरे.

याच आज्या-काक्यांसाठी मी आणखी एका माइकचा कैवार घेतो, ज्याला स्टुडिओवाले सहसा मोजत नाहीत. तो म्हणजे पदराला किंवा सदऱ्याला लावायचा छोटा क्लिप-माइक. बोया बीवाय-एम१ हा त्यातला सर्वांच्या परिचयाचा; हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो, त्याची वायर सहा मीटर लांब असते, आणि कॅमेऱ्याला लावताना त्यात एलआर ४४ ची बटणासारखी बॅटरी घालावी लागते. आमच्या शेजारच्या काकींपुढे मी एकदा स्टँडवर मोठा माइक उभा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, “ह्या तोंडासमोर ठेवलंस तर माका गावकच येवचा नाय.” त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. जन्मभर चुलीपुढे, जात्यावर, शेताच्या मेरेवर जे गाणे झाले, ते लोखंडी काठीकडे बघत कसे होणार? क्लिप-माइक लावल्यावर दहा मिनिटांत त्या त्याला विसरल्या, हाताने तांदूळ निवडत राहिल्या आणि गाऊ लागल्या. हा माइक चहूबाजूंनी ऐकणारा असतो, त्यामुळे आजूबाजूचा गोंगाट त्यात अधिक येतो हे खरे. पण तो छातीवर, तोंडापासून वीतभर अंतरावर असतो, आणि वर सांगितलेला अंतराचा हिशेब इथेही कामाला येतो. शिवाय मान वळवली, पुढे वाकले, तरी आवाजाची पातळी फारशी हलत नाही. सुती लुगड्यावर तो चांगला बसतो. नायलॉनच्या साडीवर मात्र प्रत्येक हालचालीला सरसर येते, म्हणून तिथे तो गळ्याजवळ ब्लाउजच्या काठाला लावावा आणि वायरचा एक छोटा वळसा चिकटपट्टीने पक्का करावा.

इतक्या कमी पैशांत इतका बरा माइक मिळतो याचे श्रेय १९६२ साली बेल लॅब्जमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी सिद्ध केलेल्या इलेक्ट्रेट माइकला जाते. विद्युतभार कायमचा धरून ठेवणारा पडदा त्यांनी वापरला, त्यामुळे मोठ्या व्होल्टेजची गरज उरली नाही आणि कंडेन्सर माइक खिशात मावू लागला. आपल्या मोबाइलमधले माइकही पुष्कळ वर्षे याच जातीचे होते. गावातल्या एखाद्या म्हातारीची ओवी जगासमोर येण्यात या दोघांचा वाटा आहे, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

उलट, ज्यांच्यापासून नवख्याने दूर राहावे असे मला मनापासून वाटते, ते म्हणजे माइक, वाकडा हात, जाळी, फोमची टोपी असे सगळे एकाच खोक्यात अगदी थोड्या पैशांत देणारे, दिसायला मोठ्या स्टुडिओसारखे असणारे कंडेन्सर संच. त्यांतले पुष्कळसे लॅपटॉपच्या किंवा मोबाइलच्या भोकात थेट खुपसायची बारीक पिन घेऊन येतात. त्या भोकातून ४८ व्होल्ट कधीच मिळत नाहीत. मिळतात ते जेमतेम थोडेसेच, त्यामुळे माइक अर्धपोटी चालतो आणि आवाजापेक्षा खरखर जास्त देतो. खोके बघून मुलांचे डोळे चमकतात आणि पहिले मुद्रण ऐकून त्यांचा हिरमोड होतो. सुरुवातच अशी झाली की पुढची वाट बंद होते, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो.

माइकची स्वतःची हिस्स किती, याची तुलना करण्यात नवखे लोक फार वेळ घालवतात. एटी २०२० ची ती वीस डेसिबल आहे आणि रोड कंपनीच्या एनटी१-ए ची पाच, म्हणून दुसरा माइक चारपट चांगला, असे वाचणाऱ्याला वाटते. पण पंखा चालू असलेल्या आपल्या खोलीतच पस्तीस-चाळीस डेसिबल सहज असतात. बाहेर रातकिडे, बेडूक, वाऱ्याने हलणारे माड आणि किनाऱ्याजवळ घर असेल तर रात्रभर समुद्राची गाज. या सगळ्याखाली माइकची हिस्स ऐकूच येत नाही. रातकिड्यांचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्याची घरघर खालच्या पट्टीत असते आणि ती नंतर बरीचशी कापता येते. रातकिड्यांची किरकिर मात्र ‘स’ आणि ‘श’ जिथे राहतात त्याच पट्टीत येते, आणि ती कापायला गेले की गाणाऱ्याचे शब्द बोथट होतात. ती मुद्रणाच्या वेळीच टाळावी लागते, खिडकी लावून आणि माइकची पाठ खिडकीकडे करून. कार्डिऑइड, म्हणजे ज्याचा ऐकण्याचा पट्टा हृदयाच्या आकाराचा असतो तो माइक, मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, हा गुण आपल्या घरांत सोन्यासारखा आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. आमच्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते, माणसे गुराढोरांसह तीन दिवस वेशीबाहेर राहतात आणि गाव खरोखर मुका होतो. पण त्या दिवसांत माइकपुढे बसायलाही कुणी नसते. एरवी पूर्ण शांतता आपल्या वाट्याला येणारच नाही हे गृहीत धरून सगळी मांडामांड करावी.

खोलीची निवड ही माझ्या मते माइकच्या निवडीचाच भाग आहे. पत्र्याखाली पावसात काहीही मुद्रित होत नाही, हे सांगायला नकोच. कौलारू घरात ज्या खोलीवर माळा आहे आणि माळ्यावर गवताच्या पेंढ्या, भाताच्या गोणी, जुने सामान आहे, तिथे पाऊस लांब गेल्यासारखा वाटतो. त्याच खोलीत कपड्यांनी भरलेले कपाट, गाद्यांची चवड आणि भिंतीला टांगलेल्या दोन-तीन जाड गोधड्या असतील, तर आणखी काही विकत आणण्याची गरज नाही. नव्या बंगल्यांतल्या टाइल्सच्या, गुळगुळीत गिलाव्याच्या हॉलपेक्षा जुन्या घरातली ही अडगळीची खोली कितीतरी सरस ठरते. हॉलमध्ये आवाज घुमतो आणि घुमलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने नीट काढता येत नाही. बाजारात मिळणारे खाचांचे पातळ फोम बाहेरचा आवाज अडवतात, असा समज सर्वत्र आहे. ते खोलीतलीच वरच्या पट्टीची घूम थोडी शोषतात; पावसाला किंवा शेजारच्या मिक्सरला ते मुळीच रोखू शकत नाहीत.

लाइट जाणे ही आपल्याकडे पावसाळ्यातली रोजची गोष्ट आहे, आणि ध्वनिमुद्रणासाठी मी त्या वेळेची वाट पाहतो. फ्रिज, पंखा, पंप, शेजारचा टीव्ही हे सगळे एकदम थांबते. लॅपटॉप बॅटरीवर चालत असला की जुन्या वायरिंगच्या घरांतून येणारी पन्नास हर्ट्‌झची घूं-घूंही बहुधा नाहीशी होते. इन्व्हर्टरवर मुद्रण करू नये, कारण काही इन्व्हर्टर स्वतःच गुणगुणतात. लॅपटॉपमधूनच वीज घेणारा साधा इंटरफेस किंवा यूएसबी माइक निवडण्यामागे माझे हेही एक कारण असते.

दमट हवेचा प्रश्न खरेदीनंतर सुरू होतो, पण विचार आधी करावा. कंडेन्सरच्या आत विद्युतभार अतिशय मोठ्या रोधाच्या आधाराने टिकून राहतो. तिथे ओल शिरली की तो झिरपू लागतो, आणि मुद्रणात मधूनच तडतड, फटफट असे आवाज येतात. आषाढात ज्या हवेत चामड्याच्या चपलेवर रात्रीत बुरशी येते, त्या हवेत हा माइक स्टँडवर उघडा ठेवणे म्हणजे त्याला आजारी पाडणे होय. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पिशव्या, आणि काम संपताच माइक डब्यात, एवढा नेम पाळला तर तो वर्षानुवर्षे टिकतो. जेल ओलावले की ते मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते. काही जण तांदळात माइक पुरून ठेवतात. तांदळाचे पीठ जाळीत शिरते, म्हणून तसे करू नये. डायनॅमिकला दमटपणाचा त्रास कमी, तरी खाऱ्या वाऱ्याने त्याची जाळी आणि वायरच्या पिना गंजतात, आतला फोम कुजतो. जाळी फिरवून काढावी, फोम धुऊन पूर्ण वाळवावा आणि मगच परत बसवावा.

याचा अर्थ कंडेन्सर घेऊच नये असा नाही. पाच-सहा जणांचे भजन एका दमात, एकाच माइकने घ्यायचे असेल, पेटीचा भाता आणि स्वर दोन्ही नैसर्गिक अंतरावरून हवे असतील, तर डायनॅमिक थिटा पडतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, बेडूक गप्प झाले, की एटी २०२० सारखा माइक पेटी आणि गायक यांच्यापासून हात-दीड हात अंतरावर, पखवाज जरा मागे बसवून लावावा. झांज वाजवणाऱ्याला सर्वांत मागे, कारण तिचा तीक्ष्ण आवाज कुठूनही पोहोचतोच. हा माइक दुसऱ्या वर्षी घ्यावा, पहिल्या वर्षी नव्हे, असे माझे सांगणे असते. तोपर्यंत आपल्या घराचा आवाज, आपल्या माणसांचा आवाज आणि अंतराचा खेळ कानाला कळलेला असतो, आणि तेव्हा कंडेन्सर जे जास्तीचे देतो ते ओळखता येते.

पहिल्या वर्षाचे पैसे मी असे वाटेन: दोन-तीन हजारांचा डायनॅमिक, हजाराच्या आसपासचा क्लिप-माइक, इंटरफेस, एक जड बुडाचा स्टँड आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. ऑडॅसिटीसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि सुरुवातीच्या कामाला पुरून उरते. मुद्रण सॉफ्टवेअरमधल्या २४ बिट या प्रतीवर करावे, पडद्यावरच्या मापात शून्याच्या वर आवाज फाटतो म्हणून त्याचे उंच टोक उणे बारा डेसिबलच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवावी, म्हणजे दशावतारी अचानक हुंकारला तरी आवाज फाटत नाही. या यादीतली एखादी वस्तू पैशांअभावी मागे ठेवावी लागली तर इंटरफेस मागे ठेवावा आणि यूएसबीवर चालणारा डायनॅमिक घ्यावा. पण हेडफोन मागे ठेवू नये. मुद्रण चालू असताना तो कानावर नसेल, तर पागोळ्यांची टपटप, पदराची सरसर आणि शेजारच्या घरातला टीव्ही हे सगळे कळते ते माणूस उठून घरी गेल्यावर, आणि भाद्रपद संपला की तो माणूस पुन्हा जत्रांना निघालेला असतो.